शितावरून भाताची परीक्षा

'शितावरून भाताची परीक्षा' ही म्हण आमच्या बोलण्यात इतकी रुळलेली आहे की, तिच्यात काही सिद्धान्त सांगितला आहे ह्याचे भानही आम्हांस उरत नाही. संस्कृत पंडितांनी तिलाच स्थालीपुलाकन्याय असे भारदस्त नाव दिले आहे. पातेल्यातील एक शीत बोटांनी चेपून पाहावे आणि सारा भात शिजला की नाही ते ठरवावे. गृहिणी हे नित्य करते व तिचा निर्णय सहसा चुकत नाही. परंतु जो न्याय चुलीजवळ निर्दोष ठरतो, तोच ओसरीवर आणून माणसांस लावला असता काय होते, हा प्रश्न आम्ही स्वतःस फारसा विचारीत नाही. आम्हांस तो विचारणे भाग पडले ते घरच्याच एका प्रसंगामुळे. आणि त्याचे उत्तर मिळाले ते मात्र फार दूरच्या ठिकाणी, सुमारे १८ कोटी वर्षांपूर्वीच्या एका माशाच्या हाडांत. हा प्रवास वाचकांस विचित्र वाटेल. तो जसा घडला तसाच येथे सांगतो.

आमचे बिऱ्हाड येथील छावणीत आहे. घराच्या मागील अंगास एक खोली आहे, ती आम्ही भाड्याने देत असतो. काही वर्षांपूर्वी एक गृहस्थ तीन महिन्यांचे भाडे बुडवून रातोरात खोली सोडून गेले. रक्कम फार मोठी नव्हती. परंतु फसविले गेल्याचा सल रकमेच्या मानाने नसतो. त्या गृहस्थांची बोली, त्यांचे आडनाव, त्यांचा मुलूख ही सारी आमच्या मनात त्या बुडालेल्या भाड्याशी जखडून राहिली. पुढे वर्षभराने नागसेनवनातील महाविद्यालयात शिकणारा एक तरुण खोली पाहावयास आला. खोली त्यास पसंत पडली, भाडे ठरले, आगाऊ रक्कमही तो देऊ लागला. तेव्हा आम्ही त्याचे पूर्ण नाव विचारले. नाव ऐकले मात्र, आणि आमच्या तोंडून शब्द निघून गेले, 'तुमच्याकडच्या लोकांचा आम्हांला अनुभव आहे.' तरुण क्षणभर थांबला. मग अगदी शांतपणे म्हणाला, 'काका, तो अनुभव त्यांचा आला. माझा अनुभव अजून तुम्हांला आलेला नाही.' एवढे बोलून, नमस्कार करून तो निघून गेला. खोलीची किल्ली आमच्या हातातच राहिली.

त्या तरुणाचे बोलणे उद्धटपणाचे असते तर आमची सुटका झाली असती. आम्ही रागावलो असतो आणि विसरलो असतो. परंतु त्याचे वाक्य हा एक बिनतोड युक्तिवाद होता. आमच्याजवळ एका माणसाचा अनुभव होता. त्यावरून आम्ही एका जातीचा निर्णय केला होता. आणि त्या निर्णयावरून पुन्हा दुसऱ्या एका माणसाचा. ह्या दोन उड्यांपैकी एकीलाही आधार होता काय?

पुढच्या गुरुवारी छावणीचा आठवड्याचा बाजार भरला होता. गुरे पाहत हिंडताना आम्हांस न्यायशास्त्राच्या पाठांतील जुना दृष्टान्त आठवला. गाय म्हणजे काय, असे विचारले असता 'जी तांबूस ती गाय' असे म्हणू नये, कारण पांढऱ्या गायी सुटून जातात. ही अव्याप्ति होय. 'जिला शिंगे ती गाय' असेही म्हणू नये, कारण म्हैसही त्यात शिरते, ही अतिव्याप्ति. 'जिचा खूर अखंड ती गाय' असे तर मुळीच म्हणू नये, कारण एकाही गायीचा खूर तसा नसतो; हा असंभव. गळ्याखाली लोंबणारी पोळी, जिला शास्त्रात सास्ना म्हणतात, ती जिला आहे ती गाय. लक्षण म्हणजे ह्या तिन्ही दोषांपासून मुक्त असा धर्म. आमच्या भाडेकरूचे बुडविलेले भाडे हे त्याच्या जातीचे लक्षण होते की तांबड्या गायीचा तांबडेपणा होता? प्रश्न असा मांडला की उत्तर उघड होते. तो तांबडेपणाही नव्हता. तो एका गायीच्या अंगावर पडलेला चिखल होता.

ह्या विचारात असता आमचे एक स्नेही, जे भूगर्भशास्त्राचे अध्यापक आहेत, ते भेटले. आम्ही आपली अडचण सांगितली, आणि स्वतःवरील भार थोडा हलका करावा ह्या हेतूने त्यांनाही दोषात ओढले. 'तुम्ही शास्त्रज्ञ तरी निराळे काय करता? जमिनीत एक दात किंवा एक बरगडी सापडते आणि तुम्ही तिच्यावरून एक सबंध जाति उभी करता. मग आम्ही एका भाडेकरूवरून जात ठरविली तर आमचाच तेवढा अपराध का?' स्नेही हसले व म्हणाले, 'तुमच्याच नदीच्या वाटेने खाली जाऊ या, मग सांगतो.'

छावणीच्या कडेने वाहणारी खाम नदी पुढे पैठणच्या बाजूस गोदावरीस मिळते. येथील जमीन म्हणजे थिजलेल्या लाव्ह्याचा काळा कातळ आहे. हा लाव्हा सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी थरावर थर पसरत गेला, आणि त्याच्या गर्भात मासे शोधणे बहुधा व्यर्थच. परंतु गोदावरीच्या काठाने पूर्वेकडे शेकडो मैल चालत गेले म्हणजे हा काळा कातळ संपतो, त्याहून पुष्कळ जुने खडक वर येतात, आणि आपण गडचिरोली जिल्ह्याच्या दक्षिण टोकास सिरोंच्यापाशी येतो. तेथे प्राणहिता गोदावरीस मिळते. संगमाच्या थोडे वर, प्राणहितेच्या डाव्या तीरावर कोटा नावाचे लहानसे गाव आहे. ह्या गावाच्या नावाने भूगर्भशास्त्रात खडकांचा एक गट प्रसिद्ध आहे. त्यातील चुनखडीचे पातळ थर पाटीसारखे सुटतात, आणि कधी कधी त्यांच्या पोटात मासे निघतात. तेथे एके काळी गोड्या पाण्याची तळी होती. त्यांच्या तळाशी साचलेल्या गाळाचा हा दगड झालेला आहे.

ह्या माशांची वार्ता विलायतेतील विद्वानांस १८५१ साली कर्नल साइक्स ह्यांनी दिली. दख्खनच्या नद्यांतील जिवंत माशांची वर्णने करणारे ते हेच साइक्स. त्यांनी पुढे मांडलेल्या दगडी माशाचे वर्णन सर फिलिप एगर्टन ह्यांनी केले, आणि त्यास लेपिडोटीस डेक्कनेन्सिस, म्हणजे दख्खनचा लेपिडोटीस, असे नाव पडले. ह्या माशाचे अंग शंकरपाळ्याच्या आकाराच्या जाड, चकचकीत खवल्यांनी फरशी बसवावी तसे मढविलेले असते. इतक्या कोटी वर्षांनंतरही त्या खवल्यांची चकाकी पुष्कळशी टिकून राहिलेली दिसते.

परंतु आमच्या स्नेह्यांस सांगावयाचा होता तो दुसराच मासा, आणि तो लेपिडोटीसपेक्षा फार दुर्मिळ आहे. कलकत्त्याच्या भारतीय सांख्यिकी संस्थेत महालनोबिस ह्यांनी १९५७ साली भूगर्भविषयक अभ्यासाचा एक विभाग काढला. आकड्यांचा अभ्यास करणाऱ्या संस्थेने हाडे उकरावीत हे प्रथमदर्शनी चमत्कारिक वाटते. परंतु पुष्कळ व थोडे ह्यांतील भेद जाणणे हीच जिची विद्या, तिने थोड्यावरून काय म्हणता येते ह्याचाही विचार करावा हे योग्यच होते. ह्या विभागातील सोहनलाल जैन ह्यांनी १९७४ साली कोट्याच्या थरांतील एका माशाचे वर्णन प्रसिद्ध केले. त्याचे नाव इंडोसीलॅकँथस रोबस्टस, म्हणजे हिंदुस्थानातील धिप्पाड सीलॅकँथ. भारतात मिळालेला हा पहिलाच अश्मीभूत सीलॅकँथ होय. लेपिडोटीसचे खवले कोट्यास पुष्कळ सापडतात. हा मासा मात्र क्वचितांतला क्वचित.

सीलॅकँथ ह्या ग्रीक शब्दाचा अर्थ पोकळ काटा असा आहे. १८३९ साली अगासिझ ह्या पंडिताने एका अश्मीभूत माशाच्या शेपटीतील काटे आतून पोकळ पाहिले व हे नाव ठेविले. पण ह्या कुळाची ओळख केवळ काट्याने होत नाही. साध्या माशाचे पर शरीरातून थेट पंख्यासारखे फुटतात; सीलॅकँथाचे बहुतेक पर मात्र मांसल देठावर बसविलेले असतात, आणि त्या देठात हाडांची रांग असते, जणू हाताची एक ओबडधोबड प्रतिमाच. शेपटीला तीन भाग असतात. वर एक, खाली एक, आणि मधून पाठीच्या सरळ रेषेत पुढे निघालेला एक लहानसा तुरा. पाठीच्या कण्याच्या जागी मणक्यांची सांखळी नसून पृष्ठरज्जूची एक जाड, अखंड नळी असते. वरच्या जबड्याच्या कडेला जे हाड बहुतेक माशांना असते ते ह्याला नसतेच. आणि सर्वांत विलक्षण म्हणजे कवटी. ती एकसंध नसते. मधोमध आडवा सांधा असून पुढचा भाग मागच्या भागावर किंचित उचलला जाऊ शकतो, त्यामुळे जबडा उघडताना मासा नाकाकडील भागही वर करू शकतो. असा सांधा अश्मीभूत माशांच्या आणखी काही जुन्या कुळांत होता. आज जिवंत असलेल्या पृष्ठवंशी प्राण्यांत मात्र तो ह्याच एका कुळात शिल्लक आहे.

ह्या लक्षणांकडे पाहिले असता आमच्या आरोपाचे अर्धे उत्तर मिळते. शास्त्रज्ञ माशाचा रंग किंवा त्याच्या अंगावरील ओरखडे पाहून जाति ठरवीत नाही. ज्याच्या योगाने सबंध शरीराची घडण बदलते असा सांधा तो पाहतो. कवटी दोन भागांची असली की तिला हलविणारे स्नायू निराळे असावे लागतात, जबड्याची ठेवण निराळी असावी लागते, खाण्याची रीत निराळी असावी लागते. अशा एका हाडावरून दुसऱ्या हाडांविषयी बोलता येते, कारण ती परस्परांत गुंतलेली असतात. भाताच्या शितांचेही तसेच आहे. सर्व शितांस एकच पाणी व एकच विस्तव मिळालेला असतो, म्हणून एक शीत इतरांची साक्ष देऊ शकते. पण भाडे बुडविणे आणि आडनाव ह्यांत कोणता सांधा आहे? कोणता स्नायू एकापासून निघून दुसऱ्यास जाऊन चिकटला आहे?

उत्तराचा दुसरा अर्धा भाग आम्हांस अधिक महत्त्वाचा वाटतो. प्राणिशास्त्राची अशी रीत आहे की, नवी जाति सांगावयाची तर तिचा एक नमुना ठरवावा लागतो, आणि तो कोणत्या संग्रहात कोणत्या अंकाखाली ठेविला आहे हेही सांगावे लागते. नाव त्या नमुन्याशी बांधलेले असते. पन्नास वर्षांनी एखादा संशयी विद्वान यावा, त्याने तो दगड बाहेर काढून भिंगाखाली धरावा, आणि 'येथे तुम्ही चुकलात' असे म्हणावे, ही सोय पहिल्याच दिवशी करून ठेविलेली असते. म्हणजे निर्णय व त्याविरुद्धचा पुरावा ही दोन्ही एकाच कपाटात ठेवावयाची. आमच्या मनाच्या कपाटात मात्र निर्णय तेवढा उरतो, पुरावा आम्ही फेकून देतो. त्या पहिल्या भाडेकरूच्या घरी त्या महिन्यांत काय अरिष्ट आले होते, हे आम्ही विचारले नाही. आज विचारू म्हटले तरी तो कोठे आहे हे ठाऊक नाही. नमुना गेला, नाव राहिले.

येथे कोणी म्हणेल, 'शास्त्रज्ञांची ही सारी स्तुतीच झाली. ते काय चुकत नाहीत?' चुकतात, आणि ह्याच माशाच्या बाबतीत फार मोठ्या चुका झालेल्या आहेत. सुमारे सात कोटी वर्षांपूर्वीच्या खडकांनंतर सीलॅकँथाचे अवशेष मिळत नव्हते. त्यावरून हे कुळ निर्वंश झाले असे सर्वांनी मानले. 'दिसत नाही, म्हणून नाही' ह्या प्रमाणावर तो निर्णय उभा होता. २२ डिसेंबर १९३८ रोजी दक्षिण आफ्रिकेतील ईस्ट लंडन बंदरात नेरीन नावाची मासेमारीची बोट आली. तेथील संग्रहालयाच्या तरुण अधिकारी मार्जोरी कोर्टनी-लॅटिमर ह्यांस तिच्या ढिगाऱ्यात एक पाच फुटी निळसर मासा दिसला. त्याचे पर मांसल देठांवर होते. ग्रॅहमस्टाउन येथे रसायनशास्त्र शिकविणारे प्राध्यापक स्मिथ ह्यांच्याकडे त्यांनी चित्र काढून पाठविले, आणि १९३९ च्या फेब्रुवारीत स्मिथ ह्यांनी तो डोळ्यांनी पाहिला. निर्वंश मानलेल्या कुळातील मासा बाजारच्या माशांबरोबर जाळ्यातून आला होता. लॅटिमर बाईंच्या नावावरून त्यास लॅटिमेरिया हे नाव मिळाले. आपला मोठा सिद्धान्त एका सकाळी कोसळला म्हणून त्या शास्त्रात कोणी सुतक पाळले नाही. उलट आनंद झाला. ज्या समाजात चूक सापडल्याचा आनंद होतो, तो समाज काही विशेष शिकलेला असतो, असे आम्हांस वाटते.

परंतु ह्याच कथेत पुढे एक प्रकरण आहे, आणि तेच आमच्या प्रश्नास नेमके लागू पडते. पहिल्या माशाची आतडी उन्हाळ्यामुळे टिकली नव्हती. म्हणून दुसरा मासा मिळावा ह्यासाठी स्मिथ ह्यांनी चौदा वर्षे शोध केला. चित्रे छापून किनाऱ्याकिनाऱ्याने वाटली, शंभर पौंडांचे बक्षीस लावले. अखेर १९५२ च्या डिसेंबरात कोमोरो बेटांवर दुसरा मासा मिळाला. तो आणावयास जाण्यासाठी दक्षिण आफ्रिकेचे पंतप्रधान मालान ह्यांनी स्मिथ ह्यांस लष्करी विमान दिले. ह्या माशाच्या पाठीवरील पहिला पर नव्हता, आणि शेपटीचा मधला तुराही नव्हता. स्मिथ ह्यांनी ठरविले की ही प्रजातिच निराळी. आणि कृतज्ञतेने तिचे नाव मालानिया असे ठेविले. पुढे आणखी मासे मिळाले तेव्हा उलगडा झाला. मालानिया नावाची निराळी प्रजाति नव्हतीच. तो लॅटिमेरियाच होता. ज्या उणिवेस जातिलक्षण मानले ती त्या एका माशाच्या अंगावरची केवळ व्यक्तिगत इजा होती. मालानिया हे नाव आता पर्यायनामांच्या यादीत तेवढे उरले आहे.

ह्या नावाकडे आम्ही पुष्कळ वेळ पाहत राहिलो. हे मालान म्हणजे तेच, ज्यांच्या राज्यात १९५० साली लोकसंख्या-नोंदणीचा कायदा होऊन प्रत्येक मनुष्यास गोरा, काळा वा मिश्र अशा एका वंशाच्या रकान्यात कायमचे नोंदविण्यात आले. कोठे राहावे, कोणाशी विवाह करावा, कोणत्या शाळेत जावे हे त्या रकान्यावरून ठरू लागले. माशाच्या बाबतीत एका व्यक्तीची जखम ही जातीचे लक्षण समजली गेली, आणि थोड्याच काळात ती चूक दुरुस्त झाली. कारण नमुना जपलेला होता आणि दुसरे मासे पाहण्याची तयारी होती. माणसांच्या बाबतीत तो कायदा १९९१ पर्यंत जिवंत राहिला. दोन्ही चुका एकाच देशातल्या, एकाच काळातल्या. एकीला विद्येचे औषध लागू पडले. दुसरीला लागू पडावयास चाळीस वर्षे आणि अगणित माणसांचे हाल लागले.

आफ्रिकेचे उदाहरण देऊन आम्ही स्वदेशास निर्दोष ठरवीत आहो असे मात्र कोणी समजू नये. आम्ही ज्या छावणीत राहतो ती लष्कराची वस्ती आहे, आणि लष्करानेच आमच्या देशात जातींची अशी एक परीक्षा घेतली होती. गेल्या शतकाच्या आधीच्या शतकात, अखेरच्या दशकांत, 'लढवय्या जाति' आणि 'न लढणाऱ्या जाति' असा भेद इंग्रज सेनापतींनी प्रचारात आणला. मुंबई इलाख्याच्या फौजेत महार शिपायांनी पिढ्यान्‌पिढ्या चाकरी केली होती. कोरेगावच्या स्तंभावर त्यांची नावे कोरलेली होती. असे असता १८९२-९३ च्या सुमारास त्यांची भरती बंद झाली. गोपाळबुवा वलंगकर ह्यांनी १८९४ साली अर्ज लिहून विनविले की आमचा इतिहास पाहा. तो कोणी पाहिला नाही. येथे शास्त्रज्ञांच्या चुकीहून निराळी व अधिक वाईट गोष्ट घडली. शास्त्रज्ञांजवळ नमुना थोडा होता. सरकारजवळ नमुने भरपूर होते, दप्तरात होते, दगडावर होते, आणि तरीही निर्णय त्यांच्या विरुद्ध झाला. भात पुढ्यात असता शीत न चेपताच त्याला कच्चा म्हणावे, तसे हे झाले. पुढे १९४१ साली महार रेजिमेंट उभी राहिली, तेव्हा ती बंद झालेली वाट पुन्हा उघडली.

ती वाट बंद होण्यापूर्वी जेमतेम दोन वर्षे, १८९१ साली, महूच्या छावणीत एका लष्करी सुभेदाराच्या घरी जे मूल जन्मले, त्यानेच मोठेपणी, १९५० साली, आमच्या ह्या छावणीपासून हाकेच्या अंतरावर मिलिंद महाविद्यालय काढले. आमच्या दारी आलेला तरुण त्याच परिसरातून चालत आला होता. कोठे येऊन तो कोणत्या प्रश्नास उत्तर देऊन गेला, ह्याची त्याला कल्पना असो वा नसो, आम्हांस ती नंतर झाली.

आता व्यवहारी वाचकाचा एक आक्षेप आहे, आणि तो हसण्यावारी नेण्यासारखा नाही. 'घरमालकाने काय प्रत्येकाची वंशावळ व वर्तणूक तपासत बसावे? आयुष्य थोडे, माणसे फार. काही अंदाज बांधल्यावाचून जग चालत नाही.' हे खरे आहे. अंदाज बांधणे हा अपराध नव्हे. अश्मीभूत हाड हाती आल्यावर जो काहीच अंदाज करीत नाही, तो शास्त्रज्ञ नव्हे. परंतु सावधगिरी आणि निवाडा ह्या दोन भिन्न गोष्टी आहेत. तीन महिन्यांची अनामत सर्वांकडून सारखी मागणे ही सावधगिरी झाली. एकाचे आडनाव ऐकून त्यास दार लावणे हा निवाडा झाला. सावधगिरीत समोरच्यास आपली परीक्षा देण्याची संधी उरते. निवाड्यात ती आधीच संपलेली असते. पहिलीने आमचे भाडे सुरक्षित राहिले असते. दुसऱ्याने फक्त आमचा राग शांत झाला, आणि त्याची किंमत ज्याने काहीच केले नव्हते अशा एकाने भरली.

आणखी एक भेद आहे, आणि तो आम्हांस सर्वांत शेवटी दिसला. कोट्याचा मासा मुका आहे. त्यास विचारावयाचे म्हटले तरी विचारता येत नाही. म्हणून त्याच्याविषयी अनुमानाने बोलणे क्षम्य, किंबहुना आवश्यक आहे. जिवंत मासा मिळाल्यावर मात्र जुनी अनुमाने तशीच चालविण्याचा अधिकार कोणास उरला नाही. देठावरील परांनी तो समुद्राच्या तळाशी चालत असावा, असे स्मिथ ह्यांस वाटत होते. १९८७ साली फ्रिके ह्यांनी पाणबुडीतून खाली जाऊन पाहिले तेव्हा तो चालत नव्हता, संथ तरंगत होता, आणि मधूनमधून डोके खाली करून उभा राहत होता. त्याची कवटी उघडली तेव्हा आतील पोकळीचा अगदी अल्प भाग मेंदूने व्यापलेला व बाकीचा चरबीने भरलेला आढळला. नुसत्या दगडी कवटीचे माप घेऊन ज्याने मेंदूचे अनुमान केले असते तो पार फसला असता. आणि कोमोरोचे कोळी? त्यांना हा मासा ठाऊक होता. ते त्यास गोंबेसा म्हणत, आणि तो अधूनमधून त्यांच्या गळास लागत असे. साऱ्या जगाने ज्याला निर्वंश ठरविले होते त्याला काही माणसे नावाने ओळखत होती. त्यांना कोणी विचारले नव्हते, इतकेच.

तात्पर्य हे की, शितावरून भाताची परीक्षा करण्यास हरकत नाही; पण तीस काही अटी आहेत. शिते एकाच विस्तवावरची असावीत. जे पाहावयाचे ते लक्षण असावे, जखम नसावी. चेपलेले शीत जपून ठेवावे, म्हणजे दुसऱ्यासही ते चेपून पाहता येईल. आणि समोरचा जर बोलू शकत असेल, तर बोट लावण्यापूर्वी त्यास विचारावे. मराठीत माशाच्या जातीस व माणसाच्या जातीस एकच शब्द आहे, हे आमच्या भाषेचे दारिद्र्य आहे असे आम्ही पूर्वी समजत होतो. आता वाटते की तो एक इशारा आहे. एका शब्दाचे दोन अर्थ वेगळे ठेवण्याची जबाबदारी शब्दकोशाची नसून बोलणाराची आहे.

खोली पुढे आम्ही दुसऱ्या कोणास दिली. अनामत आता सर्वांकडून सारखी घेतो, आणि नाव किल्ली दिल्यानंतर विचारतो. तो तरुण एकदा बाजारात दिसला होता. गर्दीत त्याने ओळख दिली आणि आम्हांस काही बोलावयाचे सुचण्यापूर्वीच तो पुढे निघून गेला. त्याचा अनुभव आम्हांस अखेर आलाच नाही. आमचे हे नुकसान तीन महिन्यांच्या भाड्याहून मोठे झाले की लहान, हे आता ठरविता येत नाही. कारण ज्यावरून ते ठरवावे तो नमुना आम्हीच दारातून परत पाठविला.